दादांचा होकार

धुरपदाबाईने घरात पाऊल टाकलं आणि सगळ्यांत आधी पाणी मागितलं. ठाकोरभाईंची बायको शांताबेन लगबगीने तांब्या भरून घेऊन आली. म्हातारीने त्यातला एक घोटही घेतला नाही. ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसली आणि तांब्या तिने सरळ फरशीवर रिकामा केला.

"अरे माजी!" ठाकोरभाई दचकले.

"काही नही भो. पानी कथा जास ते देखी ऱ्हायनू."

मग सगळेच पाण्याकडे बघत राहिले. पाणी आधी जरा रेंगाळलं, इकडेतिकडे पसरलं आणि मग आपल्या मनाने मागच्या मोरीकडे निघालं. म्हातारीचे दोन लेक, धाकटा योगराज आणि थोरला सुपडू, आणि घराचे मालक ठाकोरभाई, असे तिघे बापे गडी खाली वाकून त्या ओघळामागोमाग स्वयंपाकघरापर्यंत गेले. मोरीपाशी पोचल्यावर तिघांनी कंबर सरळ केली.

"बरं शे," म्हातारी म्हणाली. "ज्या घरनं पानी दारमा अडस, त्या घरमा मानसं भांडतस."

स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या योगराजच्या बायकोने, सुषमाने, पदर नाकापर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी थट्टेचं बोलत ती हसली. जेठ, म्हणजे थोरले दीर सुपडूदादा, इतक्या जवळ आले होते की तिला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून सुपडूदादांसमोर ती कधी बसली नव्हती, त्यांच्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं झालंच तर 'सासूबाईंना सांगा', 'यांना सांगा' असं भिंतीला उद्देशून. खानदेशातल्या त्यांच्या पंचक्रोशीत धाकट्या सुनेने जेठाशी असंच वागायचं असतं, आणि माणूस सुरतेला आला म्हणून रीत काही मागच्या स्टेशनावर उतरून जात नाही.

विकायला निघालेलं हे घर सुरतेतल्या बमरोलीचं होतं. एका ओळीत एकाला एक लागून बांधलेल्या गाळ्यांपैकी हा शेवटचा. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, मोरी आणि गच्चीवर जाणारा अरुंद जिना. सुषमाने ते आधी दोनदा पाहिलं होतं. तरीही आज आल्यापासून ती खिडक्या उघडत होती, कड्या लावून बघत होती, कपाटाच्या कप्प्यातून बोट फिरवून वास घेत होती. माहेरी तिला 'चौकशी अधिकारी' म्हणत. लोकांच्या घरात काय आहे, कुठे आहे आणि का आहे, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण लोकांची घरं बघता बघता तिची चाळिशी उलटली होती, आणि स्वतःचं म्हणावं असं एक दार काही झालं नव्हतं.

आता तिला ते हवं होतं. हौस म्हणून नव्हे. प्लेगच्या साली सगळी सुरत रिकामी झाली, तेव्हा तेही पोराबाळांना घेऊन ताप्ती लाईनच्या गाडीत लोंबकळत गावाला गेले होते. महिन्याने परत आले तर भाड्याच्या खोलीचं कुलूप तुटलेलं. मालकाने खोली पावडरीने धुऊन घेतली होती आणि तिचा संसार पोत्यांत भरून ओट्यावर टाकला होता. देव्हाऱ्यातले देव आणि पायपुसणं एकाच पोत्यात. मालक वाईट नव्हता, घाबरला होता. पण सुषमा त्या ओट्यावर बसून जी रडली, ते रडणं अजून तिच्या पोटात होतं. जिथे आपल्या माघारी कुणी पोती भरणार नाही, असं घर तिला पाहिजे होतं, आणि ते हे होतं.

अडचण एकच होती. सुपडूदादांनी हो म्हणायला पाहिजे होतं.

योगराजचा बाप धुडकू गेला त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण त्याचा शब्द अजून घरात मोठ्या काठीसारखा उभा होता. त्यांच्या भावकीची कुलदेवी कानबाई गावाच्या घरात बसते. श्रावणात तिची स्थापना होते, प्रत्येक पुरुषामागे मूठभर गहू घेऊन त्याचे रोट भाजतात आणि सगळ्या भाऊबंदांनी ते एका घरात बसून खायचे. परक्याच्या भिंतीला कानबाई टेकत नाही, असा त्यांच्यात नेम होता. म्हणून भाड्याने राहणारा कुणीही असो, श्रावण आला की गावाला येणारच. पण बाहेर स्वतःची भिंत झाली की माणूस म्हणणार, माझी कानबाई माझ्या घरी. रोट फुटणार, आणि रोट फुटले की भाऊ फुटले. म्हणून धुडकूने जन्मभर कुणाला गावाबाहेर घर करू दिलं नाही. त्याच्यामागे घरातला शब्द सुपडूदादांचा होता, आणि दादा बापाच्या वरताण कडक असं सगळा गाव म्हणे.

योगराज दादांना न विचारता नवा सदराही शिवत नसे. त्याला मिसरूड फुटायच्या आत दादांनीच सुरतेला आणलं होतं, लूमवर उभं केलं होतं, तुटलेला धागा कसा सांधायचा ते शिकवलं होतं. मग दादा गावाला परतले आणि योगराज इथेच राहिला. आता तो पांडेसऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मास्टर होता, पंचवीस-तीस कारागीर त्याच्या हाताखाली होते. पण दादा समोर आले की मास्टरचा पुन्हा पोऱ्या होई.

म्हणून आज लूमची रजा बघून दादांना आणि आईला मुद्दाम बोलावलं होतं. थोरला ललित हजीऱ्याला ड्युटीवर होता. धाकटी हर्षदा मात्र आली होती आणि आल्या आल्या गच्चीवर पळाली होती. आता तिने वरून हाक मारली, "मम्मी, अहींथी खाडी देखाय छे!"

"खाडी?" म्हातारीने कान टवकारले. "पुरनं पानी येस का आठे?"

"ना रे माजी," ठाकोरभाई घाईने म्हणाले. "खाडी तो वहाँ दूर है. इतने साल में पानी कभी ओटला तक नहीं आया."

"मंग इकस काबरं?"

"लडका नवसारी में है ना. बोलता है, पप्पा, हवे अहीं आवी जाव."

"पोऱ्या बलावस नि बाप जास?" म्हातारीने भुवया उंचावल्या. "आमनाकडे उलटं शे. बाप बलावस नि पोऱ्याले जानं पडस."

सुपडूदादा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, टोपी सरळ. आल्यापासून त्यांनी छत पाहिलं होतं, भिंती पाहिल्या होत्या, दाराची चौकट अंगठ्याने दाबून पाहिली होती. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. सुषमाला त्या गप्प बसण्याचंच कोडं पडलं होतं. हा माणूस नाही म्हणायला आला असता तर स्टेशनावरच म्हणाला असता. हो म्हणायचं असतं तर असा गप्प कशाला बसला असता? आणि मुळात हा माणूस सुरतेत सगळ्यांच्या आधी आला, सगळ्यांना आणलं आणि स्वतः मात्र का गेला? 'लूमचा आवाज डोक्यात गेला,' असं घरात सांगत. सुषमाला ते कधी पटलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात आवाज जातो तो पहिल्या वर्षी जातो, चौथ्या वर्षी नाही.

शांताबेनने मधल्या स्टुलावर स्टीलची ताटली आणून ठेवली. ताटलीत गूळ आणि धणे होते. सुरतेत सौदा ठरला की गोळधाणा खातात, आणि एकदा तो तोंडात गेला की शब्द फिरत नाही. ठाकोरभाई जरा घसा साफ करत म्हणाले, "योगराजभाई, बुरा मत मानना. कडोदरा की एक पार्टी शाम को आ रही है. आपको पहले जबान दी है, इसलिए रुका हूँ. पण हा के ना, आज बोल दो."

योगराजने मान हलवली, दादांकडे पाहिलं आणि खिडकीतून बाहेर बघू लागला.

सुषमाने दाराआडून बांगड्या वाजवल्या तसं नवऱ्याने वळून पाहिलं. तिने पदर कपाळावर सारला आणि आवाज न करता, फक्त ओठांनी विचारलं, "काय म्हनतस दादा?"

ही त्या दोघांची जुनी खोड होती. लग्नानंतर दहा वर्षं तीही त्याच खात्यात बॉबीन भरायला जात असे. शंभर लूम एकदम खडखडायला लागले की कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठांनीच बोलतात. शब्द तोंडात जरा मोठा करायचा, भुवई उचलायची, लागलंच तर बोट दाखवायचं. बिडी मागण्यापासून भांडण उकरण्यापर्यंत सगळं असं बिनआवाजी चालतं. ते दोघे घरी आल्यावरही पाहुण्यांसमोर, घरमालकासमोर असंच बोलत, आणि समोरच्याला पत्ता लागत नसे. सुषमाला त्याची फार मजा वाटे.

"काहीच बोली नही ऱ्हायनात," योगराजचे ओठ म्हणाले.

"मंग ईचारा ना!"

"मोका देखू दे."

"मोका देखता देखता कडोदरावाला ली जाई!"

योगराजने डोळ्यांनीच 'दमानं घे' म्हटलं. सुषमाला त्याचा राग आला. तिला दिसत होतं की हा विचारणार, चाचरत विचारणार, आणि त्याच्या चाचरण्यातच दादांना नकार सापडणार. ताकाला जाऊन भांडं लपवायची या घराची सवयच होती. ती चिडली आणि चिडल्यावर माणूस बोलू नये ते बोलतो, तशी बोलली. आवाज नव्हता एवढंच.

"तुम्हना दादा हो म्हनावत नहीत. त्यासनं सोतानं आठे बस्तान बसनं नही. आते दुसरानं बसेल त्यासले देखवाव नही."

योगराजचा चेहरा उतरला. त्याने मान फिरवली. सुषमालाही बोलल्यावर वाईट वाटलं आणि तिने नजर वळवली, ती नेमकी समोरच्या खुर्चीवर गेली.

सुपडूदादा तिच्याकडेच बघत होते.

त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही. अगदी खात्यातल्यासारखा एक एक शब्द तोंडात मोठा करून ते म्हणाले, "मन्हं बस्तान बसेल व्हतं, बाई."

सुषमाच्या पायाखालची जमीन सरकली. हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात, आणि इथे तर काकण डोळ्यांसमोर इतकी वर्षं वाजत होतं. ज्या माणसाने योगराजला लूमवर उभं केलं, त्याला ही बोली येत नसेल? तिने दादांना नेहमी शेतात, पारावर, कानबाईच्या पाटासमोर पाहिलं होतं. तिच्या लेखी ते गावाचे होते. ते कधीकाळी खात्यात घाम गाळत उभे होते हे तिला ठाऊक होतं, पण सांगीवांगी ठाऊक होतं, आणि सांगीवांगी ठाऊक असलेलं वेळेवर आठवत नाही.

आज आल्यापासून या दोघांनी जे जे म्हटलं ते सगळं त्यांनी वाचलं होतं. मघाशी म्हातारीच्या तांब्यावरून केलेली थट्टाही.

लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर ओढून आत पळावं असं तिला वाटलं. पण दादांचे ओठ पुन्हा हलत होते, आणि ते काय म्हणतात ते कळायला त्यांच्या तोंडाकडे बघणं भाग होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने जेठाच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. हनुवटीवर खळी होती, तिच्या ललितच्या हनुवटीवर आहे तशीच. इतकी वर्षं तिला हे माहीतच नव्हतं.

मध्ये ठाकोरभाई म्हातारीला मीटर कुठे आहे ते दाखवत होते. योगराज खिडकीबाहेर बघत होता. आणि खुर्चीवरून सुपडूदादा सांगत होते.

"लिंबायतले प्लॉट देखेल व्हता मी. खांब रोवाले गऊ, त्या दिन बाबा गावथीन उनात. माले ली गयात. कानबाईना पाटवर मन्हा हात ठेवा नि वचन लिधं."

"कसानं?" सुषमाच्या तोंडून बिनआवाजी निघून गेलं. जेठाला विचारलेला आयुष्यातला पहिला प्रश्न.

"या घरमानं कोनी बी बाहेर घर बांधाले निंघं, ते मन्हा तोंडथीन हो निंघाव नही. माय बी तठेच व्हती. तिन्हा समोर बोलेल शे मी."

सुषमा बघत राहिली. म्हणजे आवाज डोक्यात गेला नव्हता. हा माणूस घर करायला निघाला होता आणि परत फिरवला गेला होता, आणि त्यानंतर जन्मभर जो कुणी घर करायला निघाला त्याला त्यानेच परत फिरवलं होतं. तिला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. मग आज नाही म्हणायला इतक्या लांब आलात का?

तिने ते विचारलं नाही. दादांनीच सांगितलं.

"घर बरं शे. चौकट सागनी शे. माले ईचारू नका."

तिला कळेना. तिने भुवई वर केली.

"ईचारं, ते माले नहीच म्हनानं पडी. मायना समोर. आनि मी नही म्हनं, ते योगराज ली नही. नहीच ईचारं, ते मी कोन नही म्हननारा?" दादांचे ओठ क्षणभर थांबले. "त्याले थांबाड."

एवढं बोलून त्यांनी टोपी नीट केली आणि पुन्हा छताकडे बघू लागले, जणू छतात काहीतरी राहून गेलं होतं.

सुषमा नवऱ्याकडे वळली. योगराज खिडकीतून बाहेरच बघत होता. तिने मान वाकवून पाहिलं, बांगड्या वाजवल्या, पण तो काही वळेना. ओठांची बोली चांगली, पण समोरच्याने बघितलं तर. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. "कडोदरावाला आवी गया," शांताबेन नवऱ्याला म्हणाली. संध्याकाळी येणार म्हणालेली पार्टी दुपारीच आली होती. पिशवी घेतलेला एक माणूस ओट्यावर चप्पल काढत होता.

तेवढ्याने योगराजला एकदम धीर आला. आता विचारायलाच हवं होतं. तो खिडकीपासून निघाला, खोलीच्या मध्यावर दादांच्या पुढ्यात आला, लहानपणी मास्तरांसमोर उभा राही तसा हात जोडून उभा राहिला. सुषमाकडे त्याची पाठ होती.

"दादा," तो म्हणाला, "बाबा गयात तवयपासून तुम्हीच आमना बाप. तुम्हीच सांगा…"

दादांनी छतावरून नजर खाली आणली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हातारी मीटर सोडून इकडे वळली होती. सुषमाला दिसलं की आणखी दोन शब्द, आणि घर गेलं. नुसतं हे घर नाही, कुठलंच घर नाही. मग पुन्हा भाड्याची खोली, पुन्हा कुणाचं तरी कुलूप. तिने नवऱ्याला थांबवायला ओठ हलवले असते तरी त्याच्या पाठीला डोळे नव्हते.

ती दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. आणि खात्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्या सगळ्यांचा आवाज असतो तसा तिचाही आवाज होता. घरात बोलली तरी गल्लीत ऐकू जाई असा.

"त्यासले काबरं ईचारतस?" ती म्हणाली. "या घरमा मी ऱ्हासू. चुल्हा मी पेटाडसू. माले ईचारा ना!"

ओट्यावरचा माणूस एक चप्पल पायात आणि एक हातात असा थांबला. जिन्यावर उतरत असलेली हर्षदा तिथेच खाली बसली. योगराज वळला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं.

"अय माय वं!" धुरपदाबाईने कपाळावर हात मारला. "जेठना तोंडवर?"

"अवं, काय बोली ऱ्हायनी तू?" योगराज कसाबसा म्हणाला.

आपण काय करतो आहोत ते सुषमाला नीट कळत होतं. हे उद्या गावात जाणार होतं. भावकीतल्या बायका पुढची कित्येक वर्षं तिच्याबद्दल सांगणार होत्या की धुडकूची धाकटी सून भर माणसांत जेठाला उलटून बोलली. सुनेचं नाव जायला एक वाक्य पुरतं. आणि ती कधीच कुणाला सांगू शकणार नव्हती की जेठांनीच तसं सुचवलं होतं, कारण सांगितलं तर दादांचं वचन मोडलं असं होणार होतं.

तिने दादांकडे पाहिलं. आता तेच या डावात पुढचं पान टाकणार होते.

सुपडूदादा खुर्चीवरून उठले. त्यांनी धोतर झटकलं. "बरं व्हयनं!" ते कडाडले. आवाज असा की ठाकोरभाई एक पाऊल मागे सरले. "आते मन्हं काय काम आठे? बायाच घर लेतीन, बायाच घर चालाडतीन! माले कोनी ईचारू बी नका नि मी सांगाव बी नही!" आणि ते तरातरा दाराकडे निघाले.

योगराज त्यांच्यामागे धावणार, तोच सुषमाने स्टुलावरच्या ताटलीतला गूळ आणि चिमूटभर धणे उचलून तोंडात टाकले. तिने ते सगळ्यांसमोर चावले. शांताबेनने टाळी वाजवली. "लो, बेने तो खाई लीधुं!" ठाकोरभाईंनी ओट्यावरच्या माणसाकडे बघून हात जोडले, माफ करा म्हणून. त्या माणसाने दुसरी चप्पल पुन्हा पायात घातली.

घर झालं होतं.

योगराजला काय करावं कळेना. तो बायकोकडे बघे, दाराकडे बघे. शेवटी त्याने ओठांनी विचारलं, "काय कयं तू हाई?" सुषमाने काही उत्तर दिलं नाही. तिचे डोळे वाहत होते. घर झाल्याचं सुख इतकं कडू लागेल असं तिला वाटलं नव्हतं. दादा दाराच्या चौकटीपाशी जाऊन थांबले होते. बाहेर ऊन होतं आणि चप्पल सापडत नव्हती, किंवा त्यांना ती शोधायचीच नव्हती.

या सगळ्या गोंधळात धुरपदाबाई कुठे आहे हे कुणी बघितलं नव्हतं. ती पूर्वेच्या भिंतीपाशी जाऊन बसली होती. भिंतीतल्या कोनाड्याखाली हाताची वीत टाकून काहीतरी मोजत होती. वीत टाकी, थांबे, तोंडातल्या तोंडात पुटपुटे, पुन्हा टाकी.

"माय," दादा दारातूनच म्हणाले, "काय मोजी ऱ्हायनी तू तठे?"

"पाट आठे माई का नही, ते देखी ऱ्हायनू."

"कसाना पाट?"

"कानबाईना!" म्हातारी वैतागून म्हणाली, जणू एवढंही कळू नये. "आपली भिंत व्हयनी ना आते? मंग तिले एक साल गावमा बसाडू, एक साल आठे. तिले बी देखू दे ना सुरत."

सुपडूदादांचा हात चौकटीवर होता. तो तिथेच घट्ट झाला.

"माय," ते हळू म्हणाले, "पन बाबानी वचन लिधं व्हतं. पाटवर हात ठेवाडा व्हता. तू तठेच बठेल व्हती."

"व्हती ना. तुन्हा बापले वाटे, कानबाई पाटले खिय्या ठोकीसन बठेल शे." म्हातारी हसली. तिला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं. "देव शे ती. जठे आपलं मानूस, तठे ती. माले तवयबी असंच वाटे."

सुषमाने दादांकडे पाहिलं. मघाशी कडाडलेला तो चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता. चौकट सोडून ते आत आले, दोन पावलं, आणि आईच्या समोर जमिनीवर बसले. लिंबायतचा प्लॉट, न रोवलेले खांब, भावाभावांना तोडून बोललेले इतक्या वर्षांचे नकार, सगळं त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं असावं. बोलले तेव्हा ते मोठ्यानेच बोलले. सगळ्यांना ऐकू गेलं.

"मंग तवय काबरं नही बोलनी वं, माय?"

धुरपदाबाईने वीत भिंतीवर तशीच ठेवली आणि थोरल्या लेकाकडे मान वळवून पाहिलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"तवय माले कोनी ईचारं?"